जांभळट झाक

तिने लाल रंगाची अर्धी पळी उकळत्या हंड्यात ओतली आणि काठीने ढवळायला घेतलं. मागणी राखी निळ्याची होती, त्यात लालाचं काहीच काम नव्हतं. सुताच्या लडी बुडाल्या, वर आल्या, पुन्हा बुडाल्या आणि निळ्यावर हळूहळू जांभळट झाक चढत गेली. उभा जन्म रंगकामात गेलेल्या बाईने जाणूनबुजून अख्खा घाणा बिघडवावा, हे तिच्या आईने पाहिलं असतं तर तीच काठी तिच्या पाठीत घातली असती.

पण आई आता नव्हती. आतल्या खोलीत पलंगावर धाकटा भाऊ होता, भिंतीकडे तोंड करून.

बाजारात त्याला 'भिंग' म्हणत. रंगवलेली लड उत्तरेच्या खिडकीत धरायची, शेजारी नमुन्याचा धागा धरायचा आणि चूक काढायची, हे त्याचं काम. हंडा तिचा आणि डोळा त्याचा, अशी वाटणी लहानपणापासूनची. 'ताई, पिवळा जास्त झालाय,' म्हणताना आनंद त्याच्या पोटात मावत नसे आणि तिच्या अंगाचा तिळपापड होत असे. जित्याची खोड मेल्याशिवाय जायची नाही, असं आई त्याच्याबद्दल म्हणायची. आता ती खोड गेली होती, आणि त्या म्हणीचा उरलेला भाग तिला रात्रंदिवस पोखरत होता.

डॉक्टरीणबाईंनी तिला नीट समजावलं होतं. मेंदूतही रसायनं असतात, ती कमीजास्त झाली की मन बदलतं. सगळं कोडं आम्हालाही सुटलेलं नाही, पण गोळ्या नेमाने द्या, गुण यायला काही आठवडे लागतील. तोवर सकाळचं ऊन, चालणं, माणसांत बसणं आणि मनाला बरं वाटेल असं हातून पुरं झालेलं एखादं लहानसं काम. हे तिला पटकन कळलं. रसायन कमी पडलं की रंग फिका पडतो, हे रंगाऱ्याच्या पोरीला कुणी शिकवायला नको. चुकलं ते एवढंच, की मात्रा वाढवली की काम लवकर होईल, असं ती धरून चालली.

मग तिने त्याला उन्हात बसवलं, गल्लीच्या टोकापर्यंत आणि पुढे नदीपर्यंत चालवलं. शेजारच्या काकूंनी केळी सुचवली. काकू उंटावरच्या शहाण्या, पण बुडत्याला काडीचा आधार; घरात केळ्यांचे घड लटकले. विनोदी गोष्टी वाचून दाखवायला बसली, तर वाचता वाचता तिलाच रडू फुटलं. तो सगळं मुकाट्याने करत होता. ऊठ म्हटलं की उठे, चल म्हटलं की चाले, सोलून हातात दिलेलं केळं खाई. तो भांडला असता तर तिला हायसं वाटलं असतं.

आणि ते कपाट होतं. रंग पक्का करायची तेजाबं आणि क्षार त्यात असत. चावी शेजारच्या खिळ्याला लटकत असे, कुलूप कधी लावलेलं नसायचं. आता होतं. चावी हरवली, असं तिने भावाला सांगितलं होतं. ती दोऱ्यात ओवून तिच्या गळ्यात, कपड्यांच्या आत असे आणि हंडा ढवळताना छातीला टोचे.

लड वाळल्यावर तिने त्याला उठवून खिडकीशी नेलं.

"बघ रे जरा. जमलंय का?"

तो लडीकडे बघत राहिला, मग नमुन्याच्या धाग्याकडे. एवढी चूक आंधळ्यालाही दिसली असती.

"ठीक आहे," तो म्हणाला आणि लड तिच्या हातात देऊन आत गेला.

ती पालथ्या बादलीवर बसली. हाच तिचा शेवटचा उपाय होता, याच्यापुढे तिला काही सुचत नव्हतं. भाऊ डोळ्यांदेखत हातातून निसटत होता आणि तिला धरता येत नव्हतं. बऱ्याच वेळाने ती उठली, कारण बिघडलेलं सूत तसंच सोडता येत नाही. बिघडलेला घाणा काळ्यात बुडवायचा, ही घरची रीत. तिने हंड्यात नवं पाणी तापत ठेवलं. काळ्यासाठी लागणारा क्षार कपाटात होता. तिने गळ्यातला दोरा ओढून काढला, गाठ सोडली आणि कुलपाला चावी लावली.

"लाल मुद्दाम घातलास ना?"

तो दारात उभा होता. ती दचकून वळली.

"तुला दिसलं?"

"दिसतं गं, ताई. सगळं दिसतं. पण आत काही हलत नाही."

"मग 'ठीक आहे' का म्हणालास?"

"चूक काढली असती तर तू खूश झाली असतीस. मग उद्या मलाही खूश दिसावं लागलं असतं." तो चौकटीला टेकला. "तेवढं बळ नाही माझ्यात."

त्याची नजर कुलपावर गेली, तिथून चावीवर आणि तिच्या हातातल्या दोऱ्यावर.

"सापडली वाटतं चावी."

कपाटामागे पडली होती, असं ती पुटपुटली. गळ्यावर दोऱ्याचा वळ घेऊन हे बोलताना तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याला चोरासारखं वागवल्याची शरम वाटून तिने कुलूप तसंच सोडलं आणि चावी पूर्वीच्या खिळ्याला अडकवायला हात वर केला.

"तिथे नको," तो म्हणाला. "गळ्यातच असू दे. मी मागितली तरी देऊ नकोस."

हंड्यातल्या पाण्याला आधण आलं होतं. तिने हात हळूहळू खाली घेतला.

"डॉक्टरीणबाईंना सांगूया हे. आत्ताच जाऊ."

"जाऊ."

तिने हंड्याखालचा जाळ बंद केला आणि दोरा मानेमागे नेऊन बांधू लागली. घाईघाईने गाठ मारली. तो दोन पावलं पुढे आला, तिच्या मागे जाऊन उभा राहिला आणि बराच वेळ बघत राहिला.

"ताई, गाठ सैल बसलीय."

तिने ती सोडली आणि पुन्हा बांधली, यावेळी घट्ट.