यंत्रबाबांची लाल तबकडी

त्या सकाळी आमच्या कॉलेजच्या संगणक विभागाबाहेर चपलांचा ढीग पडला होता. एरवी आत धूळ जाऊ नये म्हणून विद्यार्थी कुरकुरत चपला काढत. आज बघ्यांनी त्या देवळाबाहेर काढाव्यात तशा काढल्या होत्या. कारण आत यंत्रबाबा आले होते.

बारामती-इंदापूर भागात बाबांचा बोलबाला होता. त्यांच्या अंगाऱ्यानं म्हणे बंद ट्रॅक्टर धूर सोडतो, जळालेली मोटर पाणी ओढते. साल होतं चौऱ्याण्णव, तेव्हा बाबांनीही काळाप्रमाणे पुढं जायचं ठरवलं होतं.

घडलं होतं ते असं. निमगाव केतकीची राजेश्वरी भोंग प्रोग्राम लिहीत बसली असताना पडद्यावरची अक्षरं एकेक करून सुटली आणि पिकल्या जांभळांसारखी टपटप खाली पडली. तळाशी नुसता चुरा. मग शेजारच्या संगणकाचं तेच, मग त्याच्या शेजारच्याचं. प्रात्यक्षिक परीक्षा तोंडावर आलेली आणि विभागाची सगळी यंत्रं सांभाळणाऱ्या अंजली साबळे मॅडम प्रशिक्षणासाठी पुण्याला गेलेल्या. विभागप्रमुख गावडे सरांचं धाबं दणाणलं. तेवढ्यात एसटी स्टँडजवळ संगणकाचा क्लास चालवणारा दीपक म्हणाला, माझे गुरू बघतील. आणि सरांनी हो म्हटलं. मी शेजारच्या वर्गात संख्याशास्त्र शिकवतो. माझा तास त्या दिवशी आपोआप रिकामा झाला, म्हणून मीही गर्दीत घुसलो.

बाबांनी संगणकाला हळद-कुंकू वाहिलं, पडद्यावर फुंकर घातली, कीबोर्डवर अंगारा टाकला. तो नंतर ज्याला ब्रशनं साफ करावा लागणार होता, त्या शिपायाचा चेहरा मी पाहत होतो. मग दीपकनं लाल फडक्यातली एक फ्लॉपी काढली. ही मंत्रानं भारलेली तबकडी, असं बाबांनी सांगितलं. संगणक बंद केला, तबकडी आत गेली, संगणक चालू झाला, बाबा पुटपुटले. थोड्या वेळानं पडद्यावर अक्षरं आली आणि जागच्या जागी उभी राहिली. गर्दीनं हात जोडले.

मग बाबांनी निदान सांगितलं. "सरस्वती रुसलीया. पोरींचा विटाळ झालाय यंत्रांला. परीक्षा हुईस्तवर पोरींना हितं बसू द्यू नगा. आन् दर आवसेला तबकडी फिरवाय लागंल." त्यासाठी वर्षाचा करार करावा, हे दीपकनं हळूच गावडे सरांच्या कानात घातलं.

बाबांच्या दर्शनाला आलेली राजेश्वरीची चुलती प्रयागबाई दारातच उभी होती. तिनं पुतणीचा हात धरला. "चल घरी. तुझ्यापायी समद्यांचं नुस्कान नगं. पुरं झालं कालीज." राजेश्वरी मान खाली घालून दप्तर आवरू लागली.

तेवढ्यात खांद्याला प्रवासाची पिशवी तशीच लटकवलेल्या अंजली मॅडम आत आल्या. त्या लोणी भापकरच्या, बौद्ध घरातल्या, वडील शाळामास्तर. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. आवाज चढवला नाही.

"विटाळ हा शब्द माझ्या आजोबांनी पाणवठ्यावर ऐकलाय," त्या म्हणाल्या. "मी तो माझ्या लॅबमध्ये ऐकून घेणार नाही. राजेश्वरी, दप्तर ठेव खाली."

मग त्या बाबांकडं वळल्या आणि अदबीनं विचारलं की, दुसऱ्या संगणकावर सगळा विधी करून दाखवाल का, फक्त तबकडी नको. मंत्रात ताकद असेल तर तबकडीचं काय अडलंय? बाबांना नाही म्हणता येईना. हळद झाली, फुंकर झाली, मंत्र तर दुप्पट झाले. थोड्याच वेळात अक्षरं टपटप गळाली. कोणीतरी खुदकन हसलं.

आता उलटं. बाबांना व्हरांड्यात बसवलं, चहा दिला. राजेश्वरीनं तोच संगणक बंद करून तीच तबकडी त्यात घातली. मॅडम म्हणाल्या, मंत्र म्हण काहीतरी. तिला आठवेना, म्हणून तिनं तिच्या एसटीचे थांबे म्हटले, निमगाव केतकीपासून बारामती स्टँडपर्यंत. संगणक चालू झाला, तबकडीनं आपलं काम केलं आणि अक्षरं जागची हलली नाहीत.

"म्हंजी पोरीनं हात लावूनबी ब्येस चाललं व्हय," प्रयागबाई म्हणाली. तिनं पुतणीचं दप्तर स्वतःच भिंतीकडं सरकवून ठेवलं.

मॅडमनी मुलांना विचारलं, कोणी बाहेरची फ्लॉपी आणली होती का. एकानं लाजत खेळाची फ्लॉपी काढली. दीपकच्या क्लासमधून घेतलेली. ती त्यांनी नुकत्याच बऱ्या झालेल्या संगणकात घातली, खेळ सुरू करून बंद केला आणि सगळ्यांना पडद्याकडं बघत थांबायला सांगितलं. अक्षरं पुन्हा गळू लागली.

हा व्हायरस, मॅडमनी समजावलं. कोण्या खोडकर माणसानं लिहिलेला छोटा प्रोग्राम. तो फ्लॉपीतून संगणकात शिरतो, संगणकातून पुढच्या फ्लॉपीत. लाल फडक्यात होता तो त्याला पुसून काढणारा दुसरा प्रोग्राम. दीपककडं रोगही होता आणि औषधही. दीपक आधी हे नाकारत राहिला. पण गावडे सरांनी पोलिसांचं नाव काढताच, करारासाठी केलं, असं कबूल करून बसला. बाबा चहा अर्धा टाकून कधी गेले, ते कोणी पाहिलं नाही.

बाहेरची फ्लॉपी तपासल्याशिवाय आत न्यायची नाही, असा नियम दुसऱ्या दिवसापासून झाला. गावडे सरांनी राजेश्वरीची माफी मागितली. ते सोपं नव्हतं, पण त्यांनी मागितली. तिनं परीक्षा दिली आणि ती चांगली पास झाली.

वाचकहो, चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी मंत्र बाजूला काढून पाहा, मग वस्तू बाजूला काढून पाहा. कशावाचून काम अडतं ते कळेल. आणि त्या चमत्काराच्या नावाखाली कोणाला दाराबाहेर काढलं जातंय, तेही नीट बघा.