साखरेची गोळी माझ्या घशात

"बाई गं, उभ्याने केर काढू नये. वाकल्याशिवाय जमिनीवर काय पडलंय ते कळत नाही."

मित्रांनो, माझं खोकं उघडलं जात होतं तेव्हा माझ्या कानावर पडलेलं हे पहिलं वाक्य. बोलणारी होती घरातल्या सुनेची आई, लेकीच्या बाळंतपणासाठी आलेली. लेक हसली. "आई, या पोटाने मला वाकता येतंय का? आणि वाकायला हा आणलाय ना!" असं म्हणून तिने माझ्या पाठीवर थाप मारली. मला फार अभिमान वाटला.

मी एक जुना व्हॅक्यूम क्लीनर आहे.  एक लांब घसा आहे, पिशवीचं पोट आहे आणि आत गरगरणारा पंखा आहे. कारखान्यात मला जोडून झाल्यावर एका बाईने माझ्या तोंडावर तळहात ठेवला. मी तो ओढून धरला. "चांगला ओढतोय," ती म्हणाली आणि तिने हात सोडवून घेतला. माणसं जन्मल्यावर रडतात म्हणे. मला जन्मल्याबरोबर भूक लागली.

जग मला घशातून कळतं. तांदळाचा दाणा टिचकी मारत जातो. पेन्सिलीची साल खरवडत जाते. केस मुकाट्याने येतात आणि ब्रशला गुंडाळून बसतात. आधी फक्त लांब केस यायचे. मग एके दिवशी अगदी आखूड, रेशमासारखा एक केस आला आणि मला कळलं, घरात बाळ आलं.

माझी एक खोड मात्र आधीच सांगून ठेवतो. मी चालू असलो की मला काही ऐकू येत नाही. मला चालवणाऱ्यालाही येत नाही. माझा आवाज साऱ्या घरावर पांघरूण घालतो, आणि पांघरुणाखाली काय चाललंय ते पांघरूण काढल्यावरच समजतं.

घरातली सून मला फार जपायची. ओल्या जागेवर तिने मला कधी नेलं नाही. सोफ्याच्या फटींना अरुंद तोंड, पडद्यांना मऊ ब्रश, गादीच्या कडांना पुन्हा वेगळं तोंड. पिशवी भरली की नाक दाबून, मान फिरवून कचऱ्यात झटकायची. जाळी धुऊन पूर्ण वाळल्याशिवाय बसवायची नाही. शेजारच्या काकू म्हणायच्या, "तुमच्याकडे धुळीला पाय ठेवायला जागा नाही हो!"

बाळ चालायला लागलं आणि त्याचं नाव पडलं भिंगरी. ती एका जागी ठरतच नसे. घाबरायची फक्त मला. मी सुरू झालो की "भूं आला! भूं आला!" असा टाहो फोडून आईच्या पायांना मिठी मारायची. गाढ झोपलेली असली तरी माझ्या पहिल्या घरघरीला दचकून उठायची. त्यामुळे ती झोपली की मला कुणी हात लावत नसे.

मग अप्पा राहायला आले. भिंगरीचे आजोबा. त्यांना साखरेचा आजार होता. जेवणाआधी अर्धी गोळी घ्यायची, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. अप्पा दोन्ही अंगठ्यांत धरून गोळी मोडायचे. त्यांचे हात थरथरत. एक तुकडा हातात राहायचा, दुसरा टुणकन उडून जायचा. अप्पा खाली बघायचे, त्यांना दिसायचा नाही. "जाऊ दे," ते पुटपुटायचे. हात थरथरतात हे त्यांना कुणाला सांगायचं नव्हतं. सांगितलं की आधी चहाचा कप काढून घेतात, मग बाहेर जाणं बंद करतात, अशी त्यांची समजूत.

त्यांच्या खिशात आणखी एक गोळी असायची. साखर एकदम उतरली तर चघळायला म्हणून गोड, रंगीत कागदातली. एक गोळी साखर उतरवणारी, एक चढवणारी. अप्पांच्या तोंडी दोन्हींचं नाव एकच होतं, साखरेची गोळी.

मला मात्र दोन्हींतला फरक कळायचा. गोडाचा चुरा घशाला चिकटतो. दुसरी चिकटत नाही. ती येते टक्, टक्, टक्, आणि पोटात जाऊन गप्प होते. गालिच्यावरून, खाटेखालून, खुर्चीमागून ते अर्धे चंद्र यायला लागले. टक्, टक्. सून थांबायची नाही. खडा असेल, असं तिला वाटत असावं. तिच्या पायांशी घर स्वच्छ होत होतं आणि ती समोर भिंतीकडे बघत होती.

एका दुपारी मी बंद होतो, म्हणून मला ऐकू आलं.

"आई, मी शाखलेची गोली खाल्ली. कलू होती."

आई तडक स्वयंपाकघरातून आली. "अप्पा! पुन्हा दिलीत तिला? दात किडतील हो तिचे."

"मी? नाही गं सूनबाई. मी कशाला देऊ?"

"मग काय तिला झाडाला लागलेल्या मिळतात?"

"अगं, शप्पथ नाही दिली."

"बाबा," भिंगरीच्या वडिलांनी आतून हसत आवाज दिला, "आम्हालाही असंच द्यायचात आणि असंच नाही म्हणायचात!"

सगळे हसले. अप्पासुद्धा कसनुसं हसले. "कडू होती" हे भिंगरीचं बोलणं हसण्यात बुडालं. आईने अप्पांच्या खिशातल्या गोड गोळ्या काढल्या आणि वरच्या फळीवर ठेवल्या. खिशातली गोळ्यांची पट्टी तेवढी तिथेच राहिली. औषधच ते, त्याला कोण हात लावणार?

त्या संध्याकाळी भिंगरी न जेवता झोपली. सकाळी उठल्यावर किरकिर केली, मग खेळायला लागली. "काल काय गुणी वागली!" असं तिचं कौतुक झालं. मी कोपऱ्यात उभा होतो. माझ्या पोटात कडू तुकडे होते आणि मला तोंड असून बोलता येत नव्हतं.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी सगळे गाडीतून नातेवाइकांकडे जेवायला गेले. जेवणाआधी घ्यायची म्हणून अप्पांनी वाटेत, मागच्या सीटवर बसूनच गोळी मोडली. शेजारी भिंगरी होती.

ते परतले तेव्हा दुपार कलली होती. अप्पा आणि भिंगरीचे वडील वर आले. भिंगरीची आई मला घेऊन खाली गेली. सीटवर बिस्किटांचा चुरा झाला होता, तो तसाच ठेवला असता तर मुंग्या लागल्या असत्या. भिंगरी मागे तिच्या छोट्या खुर्चीत झोपली होती. उचलायला गेलं की उठेल, म्हणून तिला तिथेच राहू दिलं. गाडी सावलीत होती, चारही दारं सताड उघडी होती.

तिने जिन्याखालच्या प्लगला माझी वायर लावली आणि क्षणभर थांबली. भिंगरी उठेल याची तिला खात्रीच होती. मग बटण दाबलं. मी गर्जलो.

पुढच्या सीटखालची वाळू मी ओढली. पायपुसण्यांवरची माती ओढली. मध्येच तिने मला बंद केलं, कारण शेजारच्या काकू हातवारे करत काही विचारत होत्या.

"म्हटलं, भिंगरी आज बंद पडली की काय? एवढ्या आवाजात झोपलीय ती!"

"झोपू दे हो. तेवढीच मला सुट्टी."

काकू हसत गेल्या. मित्रांनो, मी तेव्हा ऐकत होतो. माझा आवाज थांबला होता, आणि जे रडणं त्यानंतर नेहमी कानावर पडायचं, ते नव्हतं. काहीच नव्हतं. त्या शांततेला तळ नव्हता. तिने पुन्हा बटण दाबलं आणि मी माझ्याच आवाजाचं पांघरूण त्या शांततेवर घातलं.

मागच्या सीटच्या फटीत तिने माझं अरुंद तोंड घातलं. टक्. आणखी एक टक्. मग एक तुकडा तोंडाशीच अडकला. आत घ्यायचा म्हटलं तर घेता येईना, आणि माझा घसा शिटी वाजवायला लागला. तिने वैतागून मला बंद केलं आणि तोंड उपटून तळहातावर आपटलं. अर्धी पांढरी गोळी पडली. कड ओलसर, चाटलेली. बारीक दातांची खूण.

"साखरेची..." ती म्हणाली आणि भिंगरीकडे वळली.

मग माझी नळी फरशीवर आदळली. "भिंगरी? अगं ए भिंगरी! अहो, खाली या! हिचं अंग गार आहे, घामाने निथळतेय, उठत नाहीये! अप्पा, तिने तुमची गोळी खाल्लीय, औषधाची!"

जिन्यावर धावती पावलं. दारं धाडधाड लागली. गाडी गेली. माझी वायर ताणली गेली आणि सुटली.

सर्वांच्या मागून अप्पा जिना उतरत खाली आले आणि माझ्याशेजारी पायरीवर बसले. थोड्या वेळाने त्यांचा फोन वाजला. "हो. हो, वाचतो. चष्मा... थांबा," म्हणत त्यांनी पट्टीवरचं नाव एकेक अक्षर करून वाचलं. पलीकडून डॉक्टर विचारत होते, कारण कोणती गोळी ते कळल्याशिवाय पुढचं ठरत नव्हतं.

फोन ठेवल्यावर अप्पांनी माझं पोट उघडलं. पिशवी त्यांनी फरशीवर पालथी केली. धूळ, केस, वाळू, आणि त्यातून थरथरत्या बोटांनी ते एकेक अर्धा तुकडा वेचू लागले. बाजूला ओळ लागत गेली.

"इतके?" ते म्हणाले. तिथे दुसरं कुणीच नव्हतं. मलाच विचारलं असावं.

भिंगरी वाचली. तिच्या शिरेतून साखर द्यावी लागली. एकदा शुद्धीवर आली आणि पुन्हा ढासळली, कारण त्या औषधाचा अंमल लवकर ओसरत नाही. अजून थोडा वेळ तिला झोपलेलीच समजले असते तर उपयोग झाला नसता, असं डॉक्टर म्हणाल्याचं मी नंतर ऐकलं. अप्पांना कुणी बोल लावला नाही. आता त्यांची अर्धी गोळी त्यांची सून स्वतः मोडते आणि गिळेपर्यंत समोर बसते. पट्टी कुलपात असते.

मला त्या दिवसापासून कुणी हात लावलेला नाही. मी दारामागे उभा आहे. माझ्या नळीत कोळ्याने घर केलंय. मला राग नाही. मित्रांनो, तुमच्या घरी माझा कुणी भाऊबंद असेल तर त्याची पिशवी झटकण्याआधी आत काय आहे ते नक्की बघा. घशात खडखडलं तर थांबा. आणि "गोळी" म्हटलं की कुठली गोळी, ते विचारा.

पण ते सगळं नंतर. तुमच्या घरात एखादं धाकटं भावंड असेल, आणि घरात एवढा आवाज चालू असूनही ते या क्षणी शांत झोपलेलं असेल, तर माझी गोष्ट इथेच ठेवा. जा. त्याच्या कपाळाला हात लावा, हाक मारा, आणि ते डोळे उघडेपर्यंत तिथून हलू नका.