साखरपाण्यापर्यंतची नऊ पावलं

मित्रांनो, मी पांढरा उंदीर आहे, पण साधासुधा नाही. शेपटीवर काळ्या मार्करच्या तीन रेघा आणि डोक्यावर बारकं सॉकेट. असा तुरा बघितलाय कुठल्या उंदराला? मग ऐका.

माझा जन्म पनवेलच्या एका प्रयोगशाळेतला. न्हावा शेवा बंदराचे कंटेनर रोडवरून गेले की पिंजरा थरथरायचा. लहानपणी कुणी हात घातला की मी चावायचोच. मग प्रयोग सुरू झाला. कधी भुसा ओला, कधी पिंजरा तिरका, कधी झोपूच द्यायचे नाहीत. लय राग यायचा. नंतर रागही यायचा बंद झाला, ते जास्त वाईट. मी डाव्या कोपऱ्यात नुसता बसून राहायला लागलो.

प्रयोग करणाऱ्या प्रांजल मॅडमना तेच शोधायचं होतं. असं खचलेलं मन औषधानेही उठत नसेल, तर काय करायचं? परीक्षा सोपी होती. पिंजऱ्याला दोन बाटल्या, एकीत पाणी, दुसरीत साखरपाणी. मन ताळ्यावर असलेला उंदीर गोड शोधत जातो. बाटल्यांच्या जागा मात्र रोज बदलायच्या, नाहीतर खचलेला उंदीर बसल्या जागी जवळचीच पितो आणि सगळे फसतात.

तीन आठवडे औषध घेऊन मी कोपऱ्यातच. तरी साखरपाणी भरपूर संपलेलं निघालं. मॅडम खूश. हा औषधानेच बरा झाला म्हणून मला प्रयोगातून काढायला निघाल्या. म्हणजे पुढचा उपचार गेला. मी बरा नव्हतो हो, पण ओरडायचीही ताकद नव्हती.

तेव्हा पिंजरे धुणारी गुणाबाई पुढे आली.

"मॅडम, तो बरा नाय झाला. गोड बाटली मीच रोज त्याच्या बाजूला लावायची."

"मावशी, का पण?"

"आमचा पोरगा आनंदा पन असाच भिंतीकडं तोंड करून बसतो. ताट जवळ सरकवलं की जेवतो. मला वाटतं, जेवला म्हंजे बरा हाय."

मॅडमनी लगेच वही काढली. मोजणी रद्द केली, बाटल्या बदलून पुन्हा मोजलं. मी जागचा हललो नाही.

मग गुंगी देऊन माझ्या डोक्यात केसासारखी तार बसवली, वर हे सॉकेट. औषध चालू, वर रोज थोडा करंट. शेजारी कुणाला नुसतं औषध, कुणाला नुसता करंट. दोन्ही एकत्र मला. अकराव्या दिवशी साखरपाणी उजव्या टोकाला होतं. मी उठलो. नऊ पावलं. मधे अडखळलो, पण गेलो आणि प्यायलो. कुणी सरकवलं नव्हतं. त्याच दिवशी मॅडमचं बोट चावलं. त्या हातमोजा बघत हसत सुटल्या.

माझ्यावर चाललं म्हणून माणसावर चालेलच असं नाही, मॅडमच सांगतात. महिनाअखेरीस माझा मेंदू काढून बघणार, तेही ठाऊक आहे. बघू देत. आत कुठेतरी ती नऊ पावलं असतील.

मित्रांनो, घरात कुणी असं बसून असेल तर ताट जरूर सरकवा, पण तेवढ्याने तो बरा झाला असं समजू नका. डॉक्टरकडे न्या.

सोमवारी गुणाबाई उशिरा आली. आनंदाला दवाखान्यात दाखवून आणलं होतं, तो बाहेर बाकावर बसला होता. तिने माझ्या बाटल्या धुतल्या, भरल्या, आणि गोडवाली लांबच्या टोकाला लावली.