चरबीची बिस्किटं

मी लोण्याची माणूस. आधीच सांगून टाकते, म्हणजे मला कुणी शहाणपण शिकवायला येणार नाही. एकतीस वर्षं बेकरीत भट्टीपुढे उभी आहे आणि माझ्या हातच्या बिस्किटात लोण्याशिवाय दुसरं काही गेलेलं नाही. मालकाने एकदा कसल्याशा स्वस्त तुपाचे डबे आणून ठेवले होते. मी म्हटलं, "एक तर हे डबे इथे राहतील, नाहीतर मी." तेव्हापासून मला सगळे लोणीबाई म्हणतात. पाठीमागे म्हणतात, पण माझा धाकटा भाऊ तोंडावर म्हणतो. वडील खाटीक होते, त्यांचं दुकान आता तोच चालवतो.

आई माझ्याकडे असते. वय ब्याऐंशी. तीन वर्षांपासून तिच्या डोक्यातलं एकेक निघून चाललं होतं. आधी शेजारणीचं नाव गेलं, मग वडील वारल्याचं विसरली, मग मला विसरली. मला 'अहो बाई' म्हणायला लागली. तेही मी गिळलं. बाई तर बाई, निदान जेवत तरी होती. पण त्या हिवाळ्यात तिने खाणंच सोडलं. दूध, सूप, मऊ भात, काहीही पुढे केलं की ओठ घट्ट मिटायचे. दहा दिवस दोन-चार चमचे पाण्यावर काढले तिने. डॉक्टर म्हणाले, "सोमवारपर्यंत वाट बघू. नाहीतर दवाखान्यात हलवून नाकातून नळी घालावी लागेल."

आणि नळीचंच तर तिने मला शुद्धीत असताना बजावलं होतं. "मला नळ्याबिळ्या लावून निजवून ठेवायचं नाही. मी माझ्या हाताने खाईन, नाहीतर नाही खाणार." मी हो म्हटलं होतं. आता गुरुवार उजाडला होता आणि माझा जीव नुसता टांगणीला लागला होता.

त्या दिवशी दुपारी ती स्वयंपाकघरात खिडकीपाशी तिच्या खुर्चीत बसली होती. ती खिडकी म्हणजे आमच्या जन्माच्या भांडणाचं कारण. हे घर आमचं जुनंच, मी इथेच वाढले. शाळेतून यायचे तेव्हा हाडं गोठवणारी थंडी असली तरी ती खिडकी सताड उघडी असायची आणि आई वडिलांचा जुना कोट अंगावर घालून कुडकुडत बसलेली असायची. मी दप्तर टाकून ओरडायचे, "घर तापवायचंय की रस्ता?" ती म्हणायची, "मला कोंडल्यासारखं होतं गं." दर हिवाळ्यात मला खोकला व्हायचा आणि दर हिवाळ्यात मी त्याचं खापर तिच्यावर फोडायचे. आता घर माझ्या ताब्यात आल्यापासून मी ती खिडकी बंदच ठेवते.

तर त्या दुपारी आई एकदम स्पष्ट म्हणाली, "बिस्किट दे."

मी उडालेच. दहा दिवसांनी तोंडातून मागणं निघालं होतं. सकाळीच बेकरीतून आणलेली बिस्किटं होती, अस्सल लोण्याची, हातात घेतली की बोटांना ओशटपणा लागावा अशी. मी एक तिच्या हातात दिलं. तिने ते नाकाशी नेलं, वास घेतला आणि बशीत परत ठेवलं.

"ही तिची. माझी दे."

"कुणाची गं आई?"

"तिची," असं म्हणून तिने पुन्हा ओठ मिटले.

मी भावाला फोन लावला. तो दुकान बंद करून ॲप्रन न काढताच आला. मी सगळं सांगितलं तसा तो खाली बघायला लागला. मग म्हणाला, "ताई, ती चरबीची मागतेय."

चरबीची बिस्किटं! मला वाटलं होतं तो विषय कधीच जमिनीत गाडला गेलाय. लहानपणी आई कोंबडीच्या चरबीत बिस्किटं करायची. वडील दुकानातून कातडी आणि पोटातली पिवळी चरबी आणायचे, आई ती कढवून बरणीत भरायची. लोणी आमच्या घरात नसायचंच. मी अकरा वर्षांची असताना शाळेत डबा उघडला आणि शेजारच्या बाकावरची मुलगी नाक दाबून म्हणाली, "हिच्या डब्याला मेलेल्या कोंबडीचा वास येतो." सगळा वर्ग हसला. वर्षभर मला कुणी कोंबडीशिवाय दुसऱ्या नावाने हाक मारली नाही. त्या दिवशी घरी येऊन मी डबा भिंतीवर भिरकावला. ओरडून सांगितलं, "पुन्हा ही घाण या घरात झाली तर मी जेवणारच नाही." आणि दोन दिवस खरंच जेवले नाही. तिसऱ्या दिवशी डब्यात लोण्याची बिस्किटं आली. माझं म्हणणं राहिलं, मी जिंकले. लोणीबाईचा जन्म त्या दिवशीचा.

"अरे, ती तर तेव्हाच बंद झाली," मी म्हटलं.

"बंद? कुणी सांगितलं तुला?" भाऊ म्हणाला. "माझी शाळा तुझ्याआधी तासभर सुटायची. आई आणि मी बसून खायचो. तुझी लोण्याची वेगळी असायची, वरच्या फळीवर."

"आणि मला कुणी बोललं नाही?"

"आईने शपथ घातली होती. ताईला कळता कामा नये म्हणायची."

माझ्या अंगाची आग आग झाली. पंचेचाळीस वर्षं या दोघांनी मला मूर्खात काढलं होतं. पण भांडायला वेळ कुठे होता? मी म्हटलं, "चरबी घेऊन ये."

त्याने रात्रीआधीच आणून दिली. शुक्रवारी मी कामाला लागले, आणि लागले ती माझ्या पद्धतीने. चरबी कढवली, पाण्यात घालून उकळली, वरचा थर काढला, पुन्हा उकळली. असं तीनदा. मग तलम कापडातून गाळली. थंड झाल्यावर बघते तर पांढरीशुभ्र, वासाचा लवलेश नाही. मला वाटलं, व्वा, क्या बात है! बिस्किटंही बेकरीच्या काचेत मांडावीत अशी झाली, कडा सोनेरी, एकसारखी. मोठ्या तोऱ्यात आईपुढे बशी ठेवली.

तिने एक उचललं, जीभ लावली आणि ठेवून दिलं. "ही नाहीत."

"चरबीचीच आहेत गं!"

"नाहीत."

आणि मी तोंड सोडलं. सांगायला लाज वाटते, पण ओरडले मी त्या वाळक्या जिवावर. "खा ना! किती छळशील? नळी घालतील सोमवारी नाकात, मग बस!" तिने दोन्ही हात शालीत ओढून घेतले आणि माझ्याकडे अशी बघत राहिली की, ही कोण बाई आपल्यावर का ओरडतेय. मी न्हाणीघरात जाऊन दार लावून रडले.

संध्याकाळी भावाने त्यातलं एक बिस्किट चावून बघितलं. "लोणीबाई, यात चव कुठेय? सगळी धुऊन टाकलीस की."

"वास घालवायचा नव्हता का?"

"अगं, वासासाठीच तर खायचो आम्ही. आई त्यात कांदा घालायची. आणि कातडीची तळाशी उरलेली कुरकुरीत बेरी गाळायची नाही, कुटून कणकेतच घालायची. वर मीठ आणि काळी मिरी, जाडीभरडी."

"बेरीने बिस्किट काळवंडतं."

"काळवंडू दे ना!"

मी कानाला खडा लावला, यापुढे आपली अक्कल चालवायची नाही. शनिवारी बेकरीतून सुट्टी मिळाली नाही, तो दिवस तसाच गेला. आईने दोन चमचे पाणी घेतलं, तेवढंच. सोमवार दाराशी येऊन उभा होता.

रविवारी दुपारी दोन वाजता भाऊ ताजी कातडी घेऊन आला. त्याने ती बारीक कापून दिली, मी मंद आचेवर ठेवली. चरबी सुटायला लागली तसा चिरलेला कांदा घातला. कातडीचे तुकडे आक्रसून लाल झाले, कांदा तपकिरी झाला, चरबी मधाच्या रंगाची झाली. आणि वास सुटला. सगळा वर्ग पुन्हा हसायला लागला माझ्या कानात. पण मी जागची हलले नाही. चरबी थिजायला ठेवली, बेरी खलबत्त्यात कुटली. लोणी जिथे वाटीभर लागतं तिथे चरबी पाऊण वाटीच घेतली, कारण लोण्यात पाणी असतं, हिच्यात नसतं. एवढी एकच अक्कल मी माझी वापरली. मैदा, थोडी साखर, मीठ, मिरी. कणीक हाताला भुसभुशीत लागत होती. बिस्किटं थापली, काट्याने टोचली, ओव्हनमध्ये घातली.

पंधरा मिनिटांत घरभर घमघमाट झाला. आई खुर्चीत डुलक्या घेत होती, तिने डोळे उघडले. मान वळवली. मी गरम बिस्किट फुंकून तिच्या हातात दिलं. काळपट, वाकडंतिकडं, माझ्या बेकरीत मी ते केरात टाकलं असतं.

तिने वास घेतला आणि चावलं.

आम्ही दोघं श्वास रोखून उभे. तिने चावलं, गिळलं, पुन्हा चावलं. पहिलं संपवून तिने न विचारता बशीतलं दुसरं उचललं. भावाने ॲप्रनने तोंड झाकून घेतलं, एवढा दांडगा माणूस, हुंदके देत होता. तिसरं अर्धं खाऊन झालं आणि आईची नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे गेली. पावणेचार.

ती एकदम गडबडली. खुर्चीच्या हातावर जोर देऊन उठायला लागली.

"अहो बाई, खिडकी उघडा. लवकर."

"बाहेर थंडी आहे आई. बस तू."

"उघडा हो! पोरगी यायची वेळ झाली शाळेतून. वास आला तर जेवायची नाही ती. मागे दोन दिवस उपाशी राहिली माझी पोर." तिने बशी शालीखाली घेतली. "तिची ती वर ठेवा, लोण्याची. माझा तो कोट द्या. थोडा वेळच गारठा सोसायचा असतो, मग वास जातो."

मी भावाकडे बघितलं. त्याने मान खाली घातली.

एवढं होतं तर. इतकी वर्षं मी दप्तर आपटून विचारत होते आणि ती म्हणत होती, कोंडल्यासारखं होतं. मी खिडकी उघडली. गार वारा सरळ तिच्या अंगावर आला. मी माझा कोट तिच्या खांद्यावर टाकला तरी ती थरथरत होती, डोळे घड्याळावर.

मला दुसरं काही सुचलं नाही. मी घराबाहेर गेले. जिन्यात मिनिटभर उभी राहिले, डोळे पुसले. मग दार ढकलून आत आले, पूर्वी यायचे तशी, चपला वाजवत.

"आई, मी आले. भूक लागलीय."

तिने माझ्याकडे बघितलं. छपन्न वर्षांची बाई, केस पिकलेले, हाताला पीठ. काय दिसलं तिला देव जाणे. "आलीस?" ती म्हणाली आणि शाल आणखी घट्ट धरली. "वर ठेवलीत बघ तुझी."

"मला तुझ्यातलं दे."

ती घाबरली. "माझ्यातलं कसलं? माझ्याकडे काही नाही."

"शालीखाली आहे ते. दे ना गं. मला आवडतं ते."

तिने माझं तोंड नीट निरखलं. मग हळूच बशी बाहेर काढली, त्यातलं सगळ्यात मोठं निवडलं आणि माझ्या हातावर ठेवलं. मी तिच्यासमोर जमिनीवर बसून ते खाल्लं. खारट, तिखट, कांद्याचा गोडवा असलेलं. चांगलं होतं. इतकं चांगलं होतं की मला माझाच राग आला.

"खरंच आवडलं?" तिने विचारलं.

"खरंच. आणखी एक दे."

आईने आणखी एक दिलं आणि खुर्चीत मागे टेकून बसली.

"मग लाव की गं ती खिडकी," ती म्हणाली. "मला फार थंडी वाजते."

मी उठून खिडकी लावली.