दार उघडं असताना

मी एक जुनी लिफ्ट आहे, आणि उघड्या दाराची मला फार भीती वाटते. मित्रांनो, तुम्हाला हसू येईल. जी जन्मभर अंधाऱ्या पोकळीत दोरांना लटकून राहिली, तिने दाराला कसलं घाबरायचं? पण आधी माझी हकिगत ऐका, मग हसायचं की नाही ते ठरवा.

एका कारखान्यात पत्रे ठोकून, सांधे जुळवून मला घडवलं. आत लाकडी फळ्या, एक आरसा, पितळी बटणं आणि सरकणारं जाळीचं दार. मग मला सुटं सुटं करून या चार मजली इमारतीत आणलं, पुन्हा जोडलं आणि माझी मोटार गच्चीवरच्या छोट्या खोलीत बसवली. ज्यांनी मला उभं केलं ते मिस्त्री तेव्हा तरुण होते. काम संपल्यावर त्यांनी इमारतीतल्या सगळ्यांना गोळा केलं आणि सांगितलं, "हिच्या प्रत्येक दारात एक खटका आहे. सगळे खटके एकाच तारेत ओवलेत. एक जरी दार उघडं राहिलं, तरी ही जागची हलणार नाही. तेव्हा वैतागू नका. ती तुमचीच राखण करतेय."

हे ऐकून मला केवढा अभिमान वाटला म्हणून सांगू! पुढे कितीतरी वर्षं मी तो जपला. हॉस्पिटलातून घरी येणारी बाळं मी वर नेली. कपाटं नेली, पलंग नेले. माझ्या आरशात पाहून लोकांनी केस सारखे केले. मिस्त्री अधूनमधून यायचे, माझं तेलपाणी करायचे, खटके पुसायचे आणि जाताना माझ्या दारावर थाप मारायचे. मग त्यांचं येणं लांबत गेलं. आधी कुणी बोलवायला विसरलं, पुढे पुढे बोलवायची गरजच कुणाला वाटेना. कारण इमारतीत पक्कडकाका होते.

पक्कडकाका तिसऱ्या मजल्यावर राहायचे. रेडिओच्या कारखान्यातून ते निवृत्त झाले होते, पण त्यांचे हात काही निवृत्त झाले नव्हते. लोकांच्या खिशाला पेन असतं, यांच्या खिशाला पक्कड असायची. कुणाचा नळ गळो, कुणाचा पंखा अडो, काका हजर. माणूस मनाने सोन्यासारखा. पण एखादी वस्तू का बिघडली हे शोधण्याइतका धीर त्यांच्यापाशी नव्हता. ती चालू झाली की त्यांचं काम संपलं.

माझं एक बटण निखळलं, तिथे त्यांनी दारावरच्या घंटीचं बटण बसवलं. जाळीच्या दाराचं चाक झिजलं, तिथे जुन्या सुटकेसचं चाक आलं. ते थोडं मोठं होतं, त्यामुळे दार एका अंगाला कलायला लागलं. कललेलं दार कुरकुरायला लागलं, म्हणून काकांनी खाचेत स्वयंपाकघरातलं तेल ओतलं. कुरकुर थांबली. सगळे म्हणाले, "काका, तुम्ही आहात म्हणून बरं!" काका लाजले. आणि मी मात्र मनात चरकले, कारण त्या तेलावर धूळ बसून खाचेत चिकट लगदा व्हायला लागला होता. दार शेवटपर्यंत सरकेना. दार सरकलं नाही की खटका बसत नाही, आणि खटका बसला नाही की मी हलत नाही.

शेवटी एका दुपारी मी तळमजल्यावर थांबले ती थांबलेच.

नेमक्या त्याच दुपारी काकूंना निरोप आला. काकू म्हणजे पक्कडकाकांच्या बायको. त्यांचे गुडघे पार कामातून गेले होते. जिना चढणं-उतरणं त्यांच्या आवाक्याबाहेरचं. त्यांची थोरली बहीण पलीकडच्या गल्लीत अंथरुणाला खिळून होती, आणि ती काकूंचं नाव घेत होती. काकांनी मिस्त्रींना फोन लावला. मिस्त्री दुसऱ्या गावी कामावर होते. "परवा येतो," म्हणाले.

"परवा?" काकू दारातच खुर्चीवर बसल्या. "अहो, ताईला परवापर्यंत वेळ आहे का?"

काका तडक गच्चीवरच्या खोलीत गेले. नेमका कोणता खटका रुसलाय हे शोधायला त्यांना वेळ नव्हता. त्यांनी खटक्यांच्या तारेची दोन्ही टोकं सोडवली, एकमेकांत पिळली आणि वर चिकटपट्टी गुंडाळली. बस्स. त्या क्षणी माझी सगळी दारं मला एकदम बंद वाटायला लागली. खरोखर बंद असोत की सताड उघडी, मला काही कळेनाच. कुणी डोळ्यांवर पट्टी बांधावी आणि म्हणावं, चल आता धाव, तसं झालं.

मी धावले. काकू वेळेत बहिणीपाशी पोचल्या. दोघींनी हातात हात घेतले. दुसऱ्या दिवशी बहीण गेली.

आता मला सांगा, त्या पिळलेल्या तारेला नावं कोण ठेवणार? काकू डोळे पुसत म्हणायच्या, "यांच्यामुळे भेट झाली हो." मिस्त्रींचा फोन आला तेव्हा कुणीतरी सांगून टाकलं, "नका येऊ, चालू झालीय." काकांनी प्रत्येक मजल्यावर पुठ्ठ्याची पाटी लावली: 'दार नीट लावा, मगच बटण दाबा.' त्यांच्या मते प्रश्न मिटला होता. पण एकाने दार उघडून पाय आत टाकावा आणि त्याच वेळी दुसऱ्या मजल्यावरच्या माणसाने बटण दाबावं, तर? हा विचार एकट्या मला छळत होता, आणि मला बोलता येत नव्हतं.

प्रत्येक वेळी दार उघडलं की माझ्या दोरांना कापरं भरायचं. एकदा भाजीची पिशवी अर्धी आत, अर्धी बाहेर असताना मला वरून बोलावणं आलं. पिशवी चिरडली, बटाटे खाली पोकळीत कोसळले. ज्यांची पिशवी होती ते म्हणाले, "लिफ्ट जरा घाईत आहे आज." आणि हसले! मला वाटलं, आता तरी कुणी गच्चीवर जाऊन बघेल. कुणी गेलं नाही.

मग तो दिवस उजाडला. चौथ्या मजल्यावर दातांचा दवाखाना होता. एक सुजलेल्या गालाचे गृहस्थ दाढ काढून बाहेर आले आणि त्यांनी बटण दाबलं. त्याच क्षणी खाली तिसऱ्या मजल्यावर काकूंनी माझं बाहेरचं दार उघडलं होतं, जाळी सरकवली होती. त्यांची काठी आत होती, एक पाय आत होता, दुसरा उंबरठ्यावर.

मी वर निघाले. मित्रांनो, मला निघायचं नव्हतं हो! पण मोटारीने ओढल्यावर मी काय करणार? जमीन उचलली गेली तशा काकू तोंडावर आत पडल्या. त्यांचा बाहेरचा पाय कसाबसा आत आला, चप्पल मात्र निसटून खाली गेली. पार तळातून तिचा आवाज आला. काकूंनी पडल्या पडल्या हात वर केला आणि हाताला लागलं ते मला थांबवायचं लाल बटण दाबून धरलं. त्या एका बटणाला काकांची पक्कड कधी लागली नव्हती. मी थांबले.

मी मधोमध अडकले होते. माझी जमीन बाहेर उभ्या माणसाच्या छातीइतकी उंच, आणि जमिनीखाली थेट तळापर्यंत उघडी पोकळी. लाल बटण दाबलेलं होतं तोवर मी स्थिर होते. पण ते बटणही माझ्याइतकंच जुनं. हात सुटला असता तर ते उसळलं असतं, आणि वरचे गृहस्थ तर बटण पुन्हा पुन्हा दाबत होते.

आवाज ऐकून काका धावत आले. "अगं, लागलं का तुला? हात दे! मी धरतो, तू सरकत सरकत खाली ये!" त्यांनी दोन्ही हात वर केले.

काकूंचा पाय घसरला असता तर त्या काकांच्या हातात नव्हे, माझ्या पोटाखालच्या पोकळीत गेल्या असत्या. बरोबर काकाही.

काकूंनी खाली डोकावून पाहिलं. त्यांना ते दिसलं असावं. "नाही," त्या म्हणाल्या. "मी हलणार नाही. हे बटणही सोडणार नाही. तुम्ही आधी वर जा आणि हिची वीज बंद करा."

"अगं, पण दोन मिनिटांचं काम आहे..."

"अहो, जा म्हणते ना!"

काका जिना चढले. चौथ्या मजल्यावर त्यांना ते गृहस्थ दिसले, बोट बटणावर. "हात काढा!" काका ओरडले. "माझी बायको आहे आत! इथे उभे राहा आणि कुणालाही हात लावू देऊ नका!"

गृहस्थांचं अर्धं तोंड बधिर होतं. "म्हला काय म्हाहीत..." ते पुटपुटले आणि बटणाकडे पाठ करून पहारेकऱ्यासारखे उभे राहिले.

काका गच्चीवरच्या खोलीत पोचले. मुख्य बटण खाली ओढलं. मोटार गार झाली. मला वाटलं, आपण सुटलो. पण काका निघेनात. ते माझ्या मोटारीवरच्या चाकाकडे बघत होते. मिस्त्री त्याच चाकाने मला हाताने खाली-वर करतात, हे त्यांनी कधीतरी पाहिलं होतं. त्यांचा एक हात चाकावर गेला, दुसरा ब्रेकच्या दांड्यावर.

नको, काका, नको! माझ्या दोरांच्या दुसऱ्या टोकाला एक जड वजन असतं. आत एकट्या काकू असताना ते वजन माझ्याहून भारी भरतं. ब्रेक सुटला असता तर मी खाली आले नसते, वर उसळले असते. काकांना हे ठाऊक नव्हतं. त्यांच्या कपाळावरचा घाम चाकावर टपकला.

कितीतरी वेळ ते तसेच उभे होते. मग स्वतःशीच म्हणाले, "मला हे येत नाही." ब्रेकवरचा हात आधी निघाला, चाकावरचा नंतर. त्यांनी फोन काढला. मिस्त्रींशी बोलताना त्यांनी काही लपवलं नाही. "सगळे खटके मीच जोडून टाकलेत," म्हणाले. पलीकडून मिस्त्री फक्त एवढंच बोलले, "कशालाही हात लावू नका. निघालोच."

काका खाली आले आणि माझ्यासमोर भिंतीला टेकून जमिनीवर बसले. "वीज बंद केलीय. सोड आता बटण."

"नाही सोडत. मिस्त्री आल्यावर सोडीन."

"हात दुखेल गं."

"दुखू दे. तुम्ही बोलत राहा माझ्याशी. गप्प बसलात की मला वाटतं, कुठेतरी खटपट करताय."

काका हसायला गेले, पण हसू अर्ध्यावरच विरलं. "ती तार मी दुसऱ्याच दिवशी सोडवायला हवी होती," ते म्हणाले.

"हो. आणि मी विचारायला हवं होतं. ताईची भेट झाली म्हणून मीही गप्प बसले." काकूंनी बटणावरचं बोट बदललं. "अहो, मला खूप भीती वाटतेय."

"मलाही," काका म्हणाले.

मग ते बोलत राहिले. कारखान्यातलं, लग्नानंतरच्या पहिल्या भाड्याच्या खोलीतलं, काकूंच्या ताईने कशी एकदा त्यांची खोडी काढली ते. आणि मी, माझा जुना ब्रेक घट्ट आवळून, श्वास रोखून ऐकत राहिले. जिन्यावर पाऊल वाजलं की तिघेही दचकायचो.

मिस्त्री आले. आता त्यांचे केस पांढरे झाले होते. त्यांनी सोबत आणलेल्या मदतनिसाला हाका घालत, चाकावर पकड ठेवून, मला बोटभर बोटभर करत तिसऱ्या मजल्याशी आणलं. काकूंनी बाहेर पाऊल टाकलं आणि काकांचा दंड असा धरला की नखं रुतली. काकांनी हूं की चूं केलं नाही. चौथ्या मजल्यावरच्या गृहस्थांना घरी जा असं सांगायला सगळे विसरले होते. ते अंधार पडायच्या आधी स्वतःच खाली येऊन विचारून गेले, "झालं का?"

मिस्त्री कुणावर ओरडले नाहीत. त्यांनी चिकटपट्टी सोलली, पिळलेल्या तारा उलगडल्या, आणि सांगितलं, "सगळे खटके नवे येईपर्यंत लिफ्ट बंद." बरेच आठवडे मी बंद होते. काकू घरात अडकल्या. भाजी, औषधं, वाचायची पुस्तकं काका जिन्याने धापा टाकत वर नेत. शेजारी कधी कधी म्हणायचे, "काका, तात्पुरतं काहीतरी करा की!" काका मान हलवायचे आणि पुढची पायरी चढायचे.

आता मी पुन्हा चालते. माझी प्रत्येक दाराशी ओळख परत झाली आहे. तरी दार उघडलं की अजून छातीत धस्स होतं. ती भीती जाणार नाही, आणि जाऊ नये असंच मला वाटतं.

मित्रांनो, एक मागणं आहे. एखाद्या दिवशी मी अडून बसले, तर मला लाथ मारू नका, तारा पिळून, चिकटपट्टी गुंडाळून पळवू नका. तुम्हाला घाई असेल, कुणी वाट पाहत असेल, मला सगळं समजतं. पण मी का थांबले, हे ज्याला कळतं त्याला बोलवा. आणि तो येईपर्यंत, कृपा करून, मला थांबू द्या.