कमानीतल्या साखळ्या

वाल्सेर्नाचे लोक कशावरूनही भांडत, पण ब्राचेरींच्या महालावरून कधीच नाही. ब्राचेरी घराणं केव्हाच संपलं होतं आणि महाल सगळ्यांचा झाला होता. त्याच्या पुढच्या बाजूला सात कमानींची ओसरी. ओसरीत सेत्तीमिओचं कॉफीचं दुकान, दुकानापुढं टेबलं, टेबलांवर पत्ते आणि पत्त्यांवरून दिवसभर चाललेली शिवीगाळ. डोक्यावर प्रत्येक कमानीत एकेक आडवा लोखंडी गज होता, मनगटाएवढा जाड. गावात त्यांना साखळ्या म्हणत. पाचशे वर्षांपूर्वी बांधणाऱ्यांनी कमानींचे पाय फाकू नयेत म्हणून ते घातले होते. दिसायला देखणे मुळीच नव्हते. वर कबुतरं बसायची आणि खाली कुणाच्या तरी कॉफीत प्रसाद पडायचा.

सेत्तीमिओचा मुलगा एर्मेस तोरीनो शहरात व्हिडिओ गेम बनवणाऱ्या एका कंपनीत होता. त्यांच्या गेममध्ये जुन्या काळचं एक शहर होतं आणि त्यात एका सरदाराचा महाल हवा होता. एर्मेसनं आपल्याच गावचा महाल पुढं केला आणि त्यावर जिवाचं रान केलं. दगडन् दगडाचे फोटो काढले, खांबांवरच्या पोरासोरांनी कोरलेल्या नावांसकट सगळं उतरवलं. ओसरीत पत्ते खेळणारा एक म्हातारा बसवला. त्याला बापाचं नाक दिलं, बापाचा एप्रन दिला आणि हुकमाचं पान टेबलावर आपटायची बापाचीच ढब दिली.

साखळ्या तेवढ्या काढून टाकल्या. खेळणाऱ्याच्या पाठीमागून जो कॅमेरा चालतो तो गजांना अडायचा आणि चित्र गचके खायचं. गेममधल्या दगडाला वजन नसतं, तिथली कमान कुणी मुद्दाम पाडल्याशिवाय पडत नाही. गज पुसले तसा कॅमेरा सुरळीत चालला आणि एर्मेस खुशीत घरी गेला. त्याच्या धंद्यात ही रोजची गोष्ट होती.

गेम जोरात चालला. मग कोरियापासून ब्राझीलपर्यंतची पोरं वाल्सेर्नात येऊ लागली. हातात फोन, फोनवर गेममधली ओसरी. ती समोर धरायची, वर बघायची आणि नाकं मुरडायची. हे लोखंड मध्येच कशाला? फोटोत आडवं येतंय. कुणी विचारलं की सेत्तीमिओ हसून सांगायचा, "माझ्या पोरानं ते कधीच काढलंय, नगरपालिकेला अजून जमलेलं नाही!"

तो विनोद होता. नगराध्यक्ष लोरेदानानं तो मनावर घेतला.

साखळ्या कायमच्या काढायला जुन्या वास्तू राखणाऱ्या वरच्या कचेरीची परवानगी मिळाली नसती, हे तिला पक्कं ठाऊक होतं. म्हणून गंज साफ करण्यासाठी त्या तात्पुरत्या उतरवायच्या ठरल्या. बाहेरून आणलेल्या एका सल्लागारानं कमानींकडं मान वर करून पाहिलं आणि म्हणाला, पाचशे वर्षं उभ्या आहेत, सहा-सात महिन्यांत काय होतंय. वसंतात साखळ्या उतरल्या आणि नगरपालिकेच्या गोदामात, रस्त्यावरच्या बर्फासाठी ठेवलेल्या मिठाच्या पोत्यांमागे जाऊन पडल्या. त्यांच्यावरचा गंज कुणी साफ केला नाही.

एर्मेसला हे कुणी कळवलं नाही. ऑगस्टात सान्त एमिदिओच्या सणाला तो गावी आला तेव्हा त्याला दिसलं.

सान्त एमिदिओ भूकंपापासून राखणारा संत. त्याच्या दिवशी सकाळी गावातला एक वडीलधारा शिडीवर चढतो आणि लाकडी हातोड्यानं प्रत्येक साखळी वाजवतो. ताणलेली साखळी खणखणीत घुमते आणि लोक टाळ्या वाजवतात. एखादी भद्द वाजली, तर लोहाराला बोलावून तिच्या टोकाची पाचर ठोकून घेतात. भक्ती म्हणा की काळजी म्हणा, शेकडो वर्षं असंच चाललं होतं. अलीकडं हातोड्याचा मान सेत्तीमिओचा होता. साखळी घुमली की तो मान वर करायचा, एक कान तिच्याकडं लावायचा आणि ओरडायचा, "गातेय!"

त्या सकाळीही तो शिडीवर चढला. त्यानं हातोडा उगारून रिकाम्या हवेत मारला आणि खांबामागच्या कर्ण्यातून साखळीचा नाद आला. एर्मेसनं तो ओळखला. त्यानंच हौसेनं कधीतरी ध्वनिमुद्रित करून बापाला पाठवला होता. सेत्तीमिओनं मान वर केली, कान लावला आणि ओरडला, "गातेय!" पाहुण्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला. एर्मेस गर्दीतून वाट काढत निघाला.

त्यानं लोरेदानाला भाजलेल्या डुकराच्या मांसाच्या गाडीपाशी गाठलं. दोघं शाळेत एका बाकावर बसलेले.

"साखळ्या कुठायत?"

"गोदामात. ओरडू नकोस, तोंडात घास आहे माझ्या."

"लोरे, मी त्या काढल्या कारण माझा कॅमेरा अडत होता. कॅमेरा! माझ्या महालाला वजन नाहीये. ह्याला आहे."

"मला शिकवतोस? हंगाम संपला की बसवणारच आहोत. नोव्हेंबरात."

"उद्या बसव."

"उद्या! सगळ्या खोल्या भरल्यात. ओसरीत परांची उभी केली तर लोक मलाच तिच्यावर टांगतील. आणि पहिला दोर तुझा बाप ओढेल, विचार त्याला."

त्यानं विचारलं. सेत्तीमिओ दुकानात कप पुसत होता, मघाचा सणाचा लाल रुमाल अजून गळ्यात होता.

"बाब्बो, साखळ्या परत बसेपर्यंत टेबलं चौकात मांड. ओसरीच्या बाहेर."

"उन्हात? माणसं काय वाळवणं आहेत?"

"छत्र्या लाव. मी घेऊन देतो."

"एर्मे, ऐक. तुझी आई गेल्यापासून हे दुकान ओस पडलं होतं. आम्ही चार म्हातारे, तेही उधारीवर. आता जगभरातनं पोरं येतात, गेममधला म्हातारा म्हणून माझ्याबरोबर फोटो काढतात. हे तू केलंस. तू! मी साऱ्या गावाला सांगत फिरतो. आणि तूच म्हणतोस, आत बसू नको?"

"ते खरं नाहीये, बाब्बो. ते चित्र आहे."

"चित्रात सुंदर दिसतंय ना? मग राहू दे की सुंदर."

एर्मेस चिडला. म्हणाला, "मर मग तिथंच." वाल्सेर्नात काय, दिवसातून चार वेळा मुलं बापाला असं म्हणतात आणि बापही मुलांना म्हणतात. सेत्तीमिओनं ओल्या फडक्यानं त्याच्या पाठीत एक हाणली आणि कॉफी पुढं केली.

तोरीनोला परतल्यावर एर्मेसनं नगरपालिकेला अर्ज केले, वरच्या कचेरीला फोन केले. साखळ्या कागदोपत्री दुरुस्तीत होत्या आणि दुरुस्तीतल्या वस्तूबद्दल तक्रार घ्यायची पद्धत नव्हती.

ऑक्टोबरात एका सकाळी जमीन हलली. फार नाही. शेजारच्या गावात बशा फुटल्या, एका चर्चची घंटा आपोआप वाजली. वाल्सेर्नात ओसरीच्या कमानींचे पाय फाकले आणि सातही कमानी एकामागून एक कोसळल्या. खाली एकटा सेत्तीमिओ होता. दुकान उघडून तो खुर्च्या मांडत होता. आणखी तासाभरानं तिथं पाहुण्यांची गर्दी झाली असती, म्हणून लोक सान्त एमिदिओचे आभार मानत होते. ते कानावर आलं तेव्हा एर्मेसला त्यांचे गळे धरावेसे वाटले.

बापाला पुरलं त्याच्या दुसऱ्या दिवशी लोरेदाना घरी आली. स्वयंपाकघरात उभीच राहिली. रडून रडून तिचे डोळे सुजले होते आणि ते खोटं नव्हतं.

"मला शिव्या दे," ती म्हणाली.

"देऊन काय होणार? बस."

ती खुर्चीच्या कडेवर टेकली. मग ती म्हणाली, "जगभरातनं पैसे येतायत, एर्मे. तुझा गेम खेळलेली पोरं पाठवतायत. जिथं होता तिथं, जसा होता तसा, महालाचा पुढचा भाग पुन्हा बांधायचा ठराव झालाय. नेमकी मापं तुझ्याशिवाय कुणाकडं नाहीत. तुझा महाल लागेल."

"जसा होता तसा म्हणजे कसा? साखळ्यांसकट?"

तिनं मान खाली घातली. "आत नवीन काहीतरी मजबूत घालू म्हणतात. बाहेरून दिसणार नाही असं. पैसे देणाऱ्यांनी साखळ्या पाहिलेल्याच नाहीत रे. वर्गणीच्या फलकावर तुझंच चित्र आहे."

एर्मेसला तिच्यावर रागावता येईना. ते चित्र त्याचंच होतं.

"नेमकी मापं देतो," तो म्हणाला. "संध्याकाळी ये."

ती गेल्यावर त्यानं संगणक उघडला आणि पुसलेले गज एकेक करून परत घातले. जाडी, टोकाच्या पाचरा, गंज, कबुतरांची घाण, सगळं. साखळी वाजवली की नाद यावा म्हणून कर्ण्यात वाजलेला तोच आवाज त्याला जोडला. मग खेळणाऱ्याच्या वाटेनं ओसरीत शिरला. कॅमेरा पहिल्याच गजाला अडला, चित्रानं गचका खाल्ला. त्यानं तो तसाच राहू दिला. पुढं म्हातारा एप्रन बांधून पत्ते खेळत बसला होता.

गेममध्येच त्यानं शिडी लावली आणि साखळीवर हातोडा मारला. साखळी खणखणीत घुमली. त्यानं म्हाताऱ्याकडं पाहिलं, पुन्हा मारला, पुन्हा पाहिलं.

म्हाताऱ्यानं हुकमाचं पान टेबलावर आपटलं. मान वर केली नाही. कान लावायचं एर्मेसनं त्याला कधी शिकवलंच नव्हतं, कारण त्याच्या ओसरीत ऐकण्यासारखं काही ठेवलं नव्हतं.