सहा गिअर की दहा

सहा गिअरची घ्यावी की दहा गिअरची, या प्रश्नाने दाजींच्या डोक्याचा पार भुगा झाला होता. तीस वर्षं बस चालवलेला माणूस हो! पण डावा गुडघा कामातून गेला, क्लच दाबवेना, आणि बायकोला आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यायचं, तर बिनक्लचची ऑटोमॅटिक गाडी हवीच. दुसऱ्या कुणासोबत ती जायला तयार नव्हती. ‘तुम्ही असलात की मला भीती वाटत नाही,’ म्हणायची. आता यावर काय बोलणार, कपाळ?

मेहुण्याचं गॅरेज होतं. त्याने दोन वापरलेल्या गाड्या पुढ्यात उभ्या केल्या.

“सहावाली दणकट, दाजी. पेट्रोल जास्त पिते, पण कुठलाही मेकॅनिक दुरुस्त करेल. दहावाली कमी पिते, अलगद चालते. पण आत भानगडी फार. बिघडली तर खोलताना मलाही घाम फुटेल.”

“मग चांगली कुठली?”

“दोन्ही.”

“अरे, हे काय उत्तर झालं? मला आणखी गोंधळात टाक!”

शेवटी दहावाली चालवून बघायचं ठरलं. मेहुणा शेजारी, बायको मागे. दाजींना गिअर कानाने मोजायची खोड. एक, दोन, तीन... पुढे पाच आला की सात, देव जाणे. चढावर इंजिनाचा आवाज वर गेला, खाली आला, पुन्हा वर गेला.

“ही चाचपडतेय रे! बिघडलीय का?”

“नाही हो, योग्य गिअर शोधतेय.”

“तिलाच सापडत नाही, तर मला काय डोंबल कळणार?”

तेवढ्यात वळण आलं. आता गिअर उतरवायला हवा, असं दाजींच्या मनात आलं मात्र, आणि गाडी जागच्या जागी गचकन थांबली. बायकोचं कपाळ पुढच्या सीटवर आदळलं. मागून हॉर्न वाजू लागले.

“काय झालं हो?” कपाळ चोळत तिने विचारलं.

“गिअरबॉक्स, ताई,” मेहुणा घाईघाईने म्हणाला. “दहावाल्या करतात असं कधीकधी.”

पण दाजींच्या डाव्या गुडघ्यातून कळ निघाली होती. क्लच समजून त्यांनी डाव्या पायाने ब्रेक दाबला होता, अगदी सगळा जोर लावून. आणि मेहुण्याने ते पाहिलं होतं. घ्यावं का हे खोटं पदरात? गप्प राहिलं तर कुणाला कळणार होतं? पण मागे बसणार होती ती.

“गाडी धड आहे,” ते म्हणाले. “माझाच पाय ब्रेकवर पडला. तुला न्यायला आता दुसरा कुणी बघ.”

ती गाडीतून उतरली, भावाला मागे पाठवलं आणि पुढे येऊन बसली. मग वाकून तिने दाजींचा डावा पाय दोन्ही हातांनी उचलला, मागे सीटपाशी सरकवला आणि गुडघ्यावर हात ठेवला.

“दुसरा कुणी नको. सावकाश त्या रिकाम्या मैदानावर घ्या. हा हलला की मी सांगते.”

दाजींना हसू येतंय की रडू, तेच कळेना.